कुरोड्यांचे चार दिवस

विदर्भातल्या खेड्यात होळी सरली, नवा गहू घरात आला आणि हरभऱ्याची मळणी आटोपली, की नळावर किंवा किराणा दुकानात भेटलेल्या बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारू लागतात: यंदा कुरोड्या कधी? इतरत्र जिला कुरडई म्हणतात तिलाच आमच्या वऱ्हाडात कुरोडी म्हणतात, आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अखजीला, पितरांच्या पानात ती असलीच पाहिजे असा बहुतेक घरांचा दंडक आहे. त्यामुळे पहिली खेप अखजीच्या आत निघावी, अशीच सगळ्यांची धडपड असते. बाजारात तयार कुरोड्या मिळतात आणि त्या दिसायलाही पांढऱ्याशुभ्र असतात. तरीही घरच्या गव्हाच्या, किंचित आंबूस चवीच्या कुरोडीची सर त्यांना येत नाही, असे माझे मत आहे. ज्यांनी आजवर हे काम सासूच्या किंवा आईच्या हाताखाली फक्त पाहिले आहे आणि आता स्वतःच्या बळावर करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी मी ही रीत सविस्तर लिहिते आहे.

कुरोडीला लागते काय, तर गहू, पाणी, मीठ आणि ऊन. एवढ्या कमी सामानाचा पदार्थ बिघडतो तो जवळजवळ नेहमी वेळेच्या चुकीने. माझ्या सासूबाई म्हणत, "सुनबाई, चीक कोनाची वाट पायत नाई." चीक म्हणजे भिजवलेला गहू वाटून, पिळून निघणारा पांढरा पिठूळ भाग. गहू एकदा पाण्यात पडला की पुढची प्रत्येक पायरी ठरल्या घटकेला यावीच लागते. म्हणून सगळा हिशेब उलटा, वाळत घालण्याच्या सकाळपासून मागे मोजत करावा. गुरुवारी सकाळी सात वाजता कुरोड्या उन्हात पडायला हव्या असतील, तर चूल पहाटे पाचला पेटली पाहिजे. त्यासाठी चीक बुधवारची रात्रभर निवळला पाहिजे, बुधवारी दुपारनंतर गहू वाटून झाला पाहिजे आणि तो रविवारी संध्याकाळीच भिजत पडलेला असला पाहिजे.

दिवस कसा निवडावा

मार्चमध्ये नवा गहू हाताशी असला तरी घाई करू नये. मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे अवकाळी पाऊस येतो, कधी गारपीटही होते आणि आभाळ दोन-दोन दिवस झाकोळून राहते. चांगले दिवस साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असतात. या काळात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि सकाळी घातलेली कुरोडी संध्याकाळपर्यंत वरून कडक होते. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो. ऊन तेव्हाही प्रखर असते, पण दुपारनंतर वावधन (वादळी वारा) सुटण्याची आणि ढग जमण्याची शक्यता वाढते. नवतपा मी नवे वाळवण घालण्यासाठी वापरत नाही. आधी केलेल्या मालाला शेवटचे ऊन देण्यासाठी तो राखून ठेवते, कारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो.

घरात लग्न असेल, शेतात हळद शिजवणे चालू असेल किंवा पाहुणे येणार असतील, तर तो आठवडा सोडावा. या कामाला किमान 4 मोठी माणसे लागतात: एक चीक ओतायला, एक घोटायला, एक साचा दाबायला आणि एक घातलेल्या कुरोड्यांकडे लक्ष ठेवायला. शेजारच्या काकूंना किंवा जावेला बोलवावे आणि त्यांच्या कुरोड्यांच्या दिवशी आपण जावे. शेतीच्या कामात सावड असते, तशीच ही चुलीवरची सावड आहे.

गहू आणि भिजवण

पहिल्याच वर्षी दहा किलोचा घाट घालू नये. पाच-सहा माणसांच्या घराला एका खेपेस 4 किलो गहू पुरे होतो. त्यातून साधारण दोन किलोच्या आसपास वाळलेल्या कुरोड्या निघतात. गव्हाच्या जातीवरून आणि पिळण्याच्या ताकदीवरून थोडे कमी-अधिक होते. लोकवनसारखा पोळीचा गहू यासाठी उत्तम. आमच्याकडे कोरडवाहू शेतात पिकणारा बन्सी गहू रवा, शेवया आणि सरगुंडे यांना चांगला असतो, पण कुरोडीसाठी तो कठीण पडतो आणि रंगही पिवळसर येतो, असा माझा अनुभव आहे. गहू जुना असला तरी चालतो, मात्र किडका नसावा. कीड आतला चीकच खाऊन टाकते आणि भिजल्यावर नुसते टरफल हाती लागते.

गहू निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन मोठ्या गंजात घालावा (मोठ्या पातेल्याला आम्ही गंज म्हणतो) आणि वर चांगले चार बोटे पाणी राहील इतका बुडवावा. गंज अल्युमिनियमचा नसावा, कारण पाणी आंबट होत जाते. स्टील, माती किंवा चांगल्या कल्हईचे भांडे घ्यावे. ते घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावे आणि वर झाकण न लावता पातळ कापड बांधावे. थंड हवेच्या गावांत पाणी दिवसातून एकदा बदलले तरी चालते, पण आमच्या वैशाखात सकाळ-संध्याकाळ, असे दिवसातून दोनदा बदलावे. दुसऱ्या दिवसापासून फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. तो वास अपेक्षितच आहे, त्याने घाबरून जाऊ नये. आंबण्यामुळे दाण्यातील चिकट भाग सैल पडतो आणि पिठूळ भाग त्यातून सुटतो. मात्र वास आंबट न राहता कुजका झाला, किंवा पाण्यावर गुलाबी अथवा काळसर बुरशी दिसली, तर मन घट्ट करून सगळा गहू टाकून द्यावा. धुऊन वापरू, असा विचारही करू नये.

तीन दिवस झाले की दाणा हातात घेऊन अंगठा आणि बोट यांमध्ये दाबावा. दाणा तयार असेल तर टरफल एका बाजूला सरकते, आतून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो आणि मधे कडक कणी लागत नाही. कणी लागत असेल तर आणखी अर्धा दिवस थांबावे. चौथा दिवस मात्र उलटू देऊ नये, कारण जास्त आंबलेल्या गव्हाची कुरोडी तळताना लालसर होते आणि जिभेला कडवट लागते.

चीक काढणे

पूर्वी हा गहू पाट्यावर किंवा उखळात वाटत असत. आता मिक्सर आहे, पण खेड्यात लाइनचा भरवसा नसतो, म्हणून बुधवारी लाइन असेल त्या वेळी वाटण उरकून घ्यावे, संध्याकाळसाठी राखून ठेवू नये. पिठाची गिरणी या कामाची नाही, ओला गहू तिथे कोणी घेत नाही. मिक्सरमध्ये थोडा गहू आणि थोडे पाणी घालून मधूनमधून थांबत फिरवावे. दाणा फुटून मोकळा होणे एवढेच हवे आहे. गंधासारखे बारीक वाटले तर टरफलाचा कोंडा चिकात मिसळतो, तो कोणत्याही कापडातून वेगळा होत नाही आणि कुरोड्या काळपट येतात. नवख्या हाताची ही सर्वात नेहमीची चूक आहे.

वाटलेला गहू एका कोपरात (मोठ्या परातीत) घेऊन त्यात पाणी घालावे, हाताने चांगला चोळावा आणि पिळून पांढरे पाणी जुन्या, मऊ सुती लुगड्याच्या दुहेरी घडीतून गाळावे. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळावे. असे तीन वेळा करावे. तिसऱ्या पिळणीचे पाणी ताकापेक्षाही पातळ दिसू लागले की चोथ्यात फारसे काही उरलेले नसते. सगळे गाळलेले पाणी एका खोल भांड्यात एकत्र करून झाकावे आणि रात्रभर हलवू नये. मुलांना त्या खोलीत झोपवू नये, असे मी म्हणेन, कारण रात्री कोणाचा पाय लागला तर सकाळचे गणित बिघडते.

पहाटे झाकण उघडल्यावर भांड्यात तीन थर दिसतात. वर पिवळसर आंबट पाणी असते. त्याखाली करड्या रंगाचा, बुळबुळीत, पातळ थर असतो. तळाशी पांढरा, घट्ट चीक बसलेला असतो, इतका घट्ट की बोट घातले तर ते रुतते आणि ओढून काढावे लागते. वरचे पाणी हलक्या हाताने, भांडे धक्का न देता तिरके करून ओतून टाकावे. मग तो करडा थर हाताच्या कडेने सावकाश खरवडून घ्यावा. पुष्कळ जणी तो राहू देतात, पण कुरोडी पांढरी यायची असेल तर हे पाच मिनिटांचे काम टाळू नये. खालचा चीक मग लाकडी चमच्याने ढवळून एकसारखा करावा, तो डोशाच्या पिठाइतका दाट राहील एवढेच पाणी घालावे आणि भांड्याने मोजून घ्यावा. हे माप लक्षात ठेवायचे आहे.

पहाटेची चूल

जितका चीक मोजला असेल तितकेच पाणी जाड बुडाच्या गंजात उकळत ठेवावे. सगळा चीक एकाच वेळी शिजवू नये, त्याचे दोन घाणे करावेत. मोठा घाणा घोटताना हात भरून येतो आणि शेवटचा चीक साच्यात जाईपर्यंत थंड होतो. पाण्यात मीठ आणि थोडा हिंग घालावा. मीठ भाजीला घालतो त्यापेक्षा कमी हवे, कारण वाळताना पाणी उडून जाते आणि मीठ तेवढेच राहते. चिमूटभर पापडखार घातला तर कुरोडी अधिक फुलते असे काही जणी सांगतात. मी घालत नाही, आणि माझ्या कुरोड्या फुलतात.

चुलीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे सरपण म्हणून पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) भरपूर असतात. पऱ्हाटीची आग भडकते आणि लगेच बसते, म्हणून पाण्याला उकळी आणायला ती उत्तम. पण चीक ओतल्यावर भडकणारी आग नको, तेव्हा बाभळीच्या लाकडाचे निखारे हवेत. म्हणून चुलीत आधीपासून एक बाभळीचा ओंडका धरून ठेवावा आणि पाणी उकळले की पऱ्हाट्या बाहेर ओढून घ्याव्यात. गॅसवर हे काम सोपे होते, कारण फक्त आच कमी करायची असते. तरी बूड जाड नसेल तर गॅसवरही चीक खाली लागतो.

पाण्याला खळखळून उकळी आली की एकीने चीक बारीक धारेने ओतावा आणि दुसरीने लाकडी दांड्याने एकाच दिशेने, न थांबता घोटावे. हे दोन्ही एकीने करू नये. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी, सासूबाई गावी गेल्या असताना, मी एका हाताने ओतत आणि दुसऱ्या हाताने घोटत हे करून पाहिले. अर्ध्या मिनिटात गंजात बोराएवढ्या गाठी झाल्या, बाहेरून शिजलेल्या आणि आतून कच्च्या. त्या चाळणीवर दाबून काढण्यात सकाळ गेली, साच्याची जाळी दहा वेळा बुजली आणि शेवटी त्या चिकाच्या हाताने थापून पापड्या कराव्या लागल्या. साठ अंशांच्या आसपास गव्हाचा चीक पाणी शोषून फुगू लागतो आणि क्षणात घट्ट होतो. उकळत्या पाण्यात पडलेल्या चिकाला पसरायला वेळच मिळत नाही, म्हणून तो पसरवण्याचे काम दांड्याला करावे लागते.

सगळा चीक पडला की पांढरा रंग जाऊन मिश्रण काचेसारखे अर्धपारदर्शक होऊ लागते आणि दांडा जड होतो. आता आच अगदी मंद करावी, वर झाकण ठेवावे आणि 10 ते 15 मिनिटे वाफ येऊ द्यावी. मधे दोनदा झाकण काढून तळापासून वर-खाली करावे आणि फार घट्ट वाटल्यास गरम पाण्याचा हबका मारावा, थंड पाण्याचा नव्हे. शिजल्याची खूण दोन प्रकारे पाहावी. बोट पाण्यात बुडवून चिकाला लावले तर चीक बोटाला चिकटत नाही. आणि वाटीभर थंड पाण्यात चिकाचा थेंब टाकला तर तो विरघळत नाही, मणी होऊन तळाशी बसतो. थेंब पाण्यात धूसर पसरला तर चीक कच्चा आहे, त्याला आणखी पाच मिनिटे वाफ द्यावी. तळताना कुरोडी फुलली नाही म्हणून जे रडगाणे नंतर ऐकू येते, त्याचे मूळ बहुतेकदा या टप्प्यावर असते.

या वेळी घरातली मुले वाट्या घेऊन चुलीभोवती जमलेली असतात. गरम चिकात साखर किंवा गूळ, दूध आणि थोडे तूप घालून द्यावे. आमच्या घरात थोरल्या मंडळींना त्याच चिकावर कच्चे शेंगदाण्याचे तेल आणि तिखट लागते. चार वाट्या कमी भरल्या म्हणून कुरोड्या कमी पडत नाहीत, तेव्हा मुलांना हाकलू नये. पुढे दिवसभर राखणीला तीच लागणार आहेत.

साचा, ऊन आणि राखण

चीक गरम असतानाच साच्यातून उतरला पाहिजे. थंड झालेल्या चिकाची तार तुटते आणि दाबणाऱ्याचा दंड भरून येतो. साच्याला आतून पाण्याचा हात लावावा, बारीक शेवेची जाळी बसवावी आणि गंजावर ओले फडके झाकून ठेवून लागेल तेवढाच चीक काढावा. साचा दाबत हात गोल फिरवून तळहाताएवढी कुरोडी घालावी. पहिला वेढा बाहेरून, मग आत, आणि शेवटी तार वरून आडवी नेऊन तोडावी. वेढे एकमेकांवर फार दाट चढवू नयेत. दिसायला ती भरगच्च कुरोडी छान वाटते, पण मधला भाग वाळत नाही आणि तळल्यावर तिथे दाताला दगड लागतो.

खाली काय अंथरावे यावर घराघरांत वाद आहेत. प्लास्टिकच्या कागदावर कुरोडी सहज सुटते, पण खालून हवा लागत नाही. धुतलेल्या सुती लुगड्यावर दोन्ही बाजूंनी वाळते, मात्र सुटताना त्रास देते. मी बाजेवर लुगडे ताणून बांधते. बाजेच्या विणीतून खालूनही हवा खेळते, आणि संध्याकाळी कुरोड्या चिकटल्याच तर लुगड्याच्या उलट्या बाजूने पाण्याचा हात फिरवला की दोन मिनिटांत सुटतात. ज्यांच्या घराला सिमेंटची गच्ची आहे त्यांनी ती आधी झाडून, धुऊन घ्यावी आणि कडेला दगड ठेवावेत, कारण वावटळ आली की कागदासकट कुरोड्या शेजारच्या गोठ्यात सापडतात.

ऊन चढण्याआधी, सकाळी नऊच्या आत, घालण्याचे काम संपले पाहिजे. अकरा ते चार या वेळात कोणीही गच्चीवर बसू नये. आमच्याकडचे मे महिन्यातले ऊन वाळवणाला चांगले असले तरी माणसाला घातक असते. राखण सावलीतून करावी, डोक्याला शेला बांधावा, पन्हे आणि पाणी जवळ असावे आणि लांब काठीला फडके बांधून चिमण्या-कावळ्यांना, आणि माकडे येत असतील तर त्यांनाही, हाकलावे. माझ्या सासूबाई या राखणीच्या दुपारी निंबाखाली बसून गोधडी शिवत असत. दर उन्हाळ्याच्या वाळवणात एक गोधडी पुरी होई. आता माझी मुलगी तिथे बसून गव्हले आणि नखुल्या वळते, कारण लग्नाच्या रुखवतात त्या लागतात आणि हाताला वळण याच वयात लागते.

चारच्या सुमारास कुरोड्या अलगद उलटवाव्यात, सूर्य कलताच घरात घ्याव्यात आणि सुपात किंवा टोपल्यात पसरून ठेवाव्यात. रात्री बाहेर ठेवू नयेत. दव फारसे पडत नसले तरी रात्रीच्या अचानक आलेल्या शिंतोड्यांनी मेहनत वाया गेलेली घरे मी पाहिली आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावे. वाळलेली कुरोडी मोडली तर कट असा आवाज येतो आणि मोडलेली कड काचेसारखी चमकते. ती वाकत असेल किंवा आवाज दबका येत असेल, तर आणखी एक दिवस द्यावा. शेवटची परीक्षा तेलात घ्यावी. खूप तापलेल्या तेलात एक कुरोडी सोडली की ती डोळ्यांदेखत दुप्पट-तिप्पट फुलते, कारण आत उरलेल्या किंचित ओलाव्याची वाफ होऊन ती तारेला आतून फुगवते. तेल कमी तापले असेल तर चांगली कुरोडीही चिवट राहते, म्हणून पहिली कुरोडी नापास झाली तर आधी तेल तपासावे आणि मग चिकाला दोष द्यावा.

चोथा आणि मुगवड्या

पिळून उरलेला चोथा टाकून देऊ नये. त्यात लसूण, मिरची, जिरे, तीळ आणि मीठ घालून त्याच्या लहान वड्या थापाव्यात आणि वाळवाव्यात. या भुसवड्या तळून वरण-भाताबरोबर खमंग लागतात. एवढा उत्साह नसेल तर चोथा गाई-म्हशींना थोडा थोडा, दोन-तीन वेळा विभागून घालावा. एकदम सगळा घालू नये, कारण जनावराचे पोट बिघडते.

बाज बांधलेली आहे, माणसे जमलेली आहेत, तर दुसऱ्या दिवशी मुगवड्या करून घ्याव्यात, कारण त्यांना आंबवण्याची वाट पाहावी लागत नाही. 1 किलो मुगाची डाळ रात्री भिजवावी आणि सकाळी कमीत कमी पाण्यात जाडसर वाटावी. हिवाळ्यात उतरवून माळ्यावर ठेवलेले कोहळे असेल तर ते किसून, घट्ट पिळून, अर्धा किलोपर्यंत त्यात घालावे. हिरवी मिरची, आले, लसूण, जिरे आणि भरपूर सांभार घालावा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, नाहीतर वड्यांत भलतेच काही पडेल). मीठ अगदी शेवटी घालावे, कारण ते आधी पडले की कोहळे पाणी सोडते. मिश्रण हाताने चांगले फेटावे आणि बोटांच्या टोकांनी बोराएवढ्या वड्या लुगड्यावर तोडाव्यात. त्या दोन ते तीन उन्हांत खडखडीत होतात.

सरगुंड्यांचे काम वेगळ्या आठवड्यात करावे. बन्सीच्या सपिठाची घट्ट कणीक मळून, तिची बारीक दोरी वळत काडीभोवती गुंडाळायची आणि अलगद सरकवून वाळवायची, हे काम सावलीत बसून, गप्पा मारत, आठ-आठ दिवस चालते. आंब्याचा रस सुरू झाला की उकडलेले सरगुंडे आणि रस यांचे जेवण होते, तेव्हा ते मेच्या मध्याआधी तयार असले म्हणजे झाले.

पिप्यात भरताना

एका वर्षी संध्याकाळी घाई होती म्हणून मी उन्हातून उचललेल्या कुरोड्या तशाच गरम, तेलाच्या रिकाम्या पिप्यात भरून झाकण ठोकून दिले. नागपंचमीला पिपा उघडला तर कुबट वास आला आणि खालच्या थराला पांढरी बुरशी धरलेली होती. गरम माल बंद केला की आतली वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते आणि मग पावसाळा आपले काम करतो. तेव्हापासून मी कुरोड्या उन्हातून काढल्यावर घरात कापडावर रात्रभर पसरते आणि सकाळी गार झाल्यावर भरते.

पिपा किंवा डबा धुऊन, उन्हात तापवून, कोरडा करून घ्यावा. तेलाचा वास राहिलेला असेल तर तो पिपा या कामाला वापरू नये, कारण जुन्या तेलाचा खवट वास कुरोडी उचलते. तळाशी कागद घालावा, मोठ्या कुरोड्या खाली आणि नाजूक वर ठेवाव्यात. दोन लहान डबे एका मोठ्या पिप्यापेक्षा बरे. पावसाळ्यात एकच डबा वापरात ठेवावा आणि दुसऱ्याला दिवाळीपर्यंत हात लावू नये. ओल्या हाताने डब्यात हात घालणाऱ्याला घरात कोणीही असो, बोलायला कचरू नये. पाऊस ओसरून आश्विनात पुन्हा कडक ऊन पडते, तेव्हा एक दिवस सगळा माल बाहेर काढून त्याला ऊन दाखवावे. इतकी काळजी घेतली तर कुरोडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहज टिकते.

वर्षभरात कुठे काय

आषाढ-श्रावणात आठवडी बाजाराला जाणारा रस्ता चिखलाने बंद होतो आणि भाजी मिळत नाही, तेव्हा मुगवड्या कामाला येतात. त्या थोड्या तेलावर लालसर परतून, कांदा, खोबरे आणि तिखटाच्या रश्शात सोडाव्यात, सोबत बटाटा किंवा वांगे घालावे आणि वडी आतपर्यंत मऊ होईतो शिजवावे. परतल्याशिवाय रश्शात घातल्या तर त्या विरघळून पिठले होते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात आणि गाणी संपल्यावर त्या घरची खिरापत ओळखायची असते. तळलेल्या कुरोड्या डब्यात भरून झाकण लावले आणि डबा हलवला, तर आवाज इतका हलका येतो की चिवडा, लाह्या, पापड अशी सगळी नावे घेऊन होतात आणि कुरोडी शेवटीच आठवते. त्यासाठी त्या सकाळी तळून पूर्ण गार करून भराव्यात. गरम भरल्या तर संध्याकाळपर्यंत सादळतात आणि आवाजच येत नाही.

फाल्गुनापर्यंत डब्याच्या तळाशी फक्त चुरा उरतो. तो पाण्यात दहा मिनिटे भिजवून निथळून घ्यावा. कढईत तेलावर मोहरी, लसूण आणि बारीक चिरलेला कांदा परतून हळद, तिखट आणि मीठ घालावे, त्यात हा चुरा टाकून झाकण ठेवावे आणि एक वाफ आली की वरून सांभार घालून सराट्याने (उलथन्याने) हलक्या हाताने हलवावे. ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर लगेच, गरम असतानाच खावी, कारण थांबली की तिचा गोळा होतो. रिकामा पिपा धुऊन उन्हात उपडा घालून ठेवावा.